चौदा हजार की साडेसहा हजार : एकाच गाडीची दोन दरपत्रके

साखळीच्या एका शिक्षिका भगिनींचा प्रश्न असा आहे : “माझी ११९७ सीसीची पेट्रोल गाडी चार वर्षांची झाली. आजवर एकही क्लेम घेतलेला नाही. विम्याची मुदत जूनच्या दुसऱ्या आठवड्यात संपते. नेहमीच्या एजंटने १३,९५५ रुपयांचे दरपत्रक दिले आहे, तर मुलाने मोबाईलवर शोधलेल्या दुसऱ्या कंपनीचे दरपत्रक ६,३९७ रुपयांचे आहे. गाडी वर्षाला जेमतेम साडेपाच हजार किलोमीटर धावते. शाळा, बाजार आणि महिन्यातून एकदा दिवाडीला माहेरी. शाळेत जाताना दोन सहकारी शिक्षिका सोबत असतात. स्वस्त पॉलिसी घ्यावी, की नुसता थर्ड पार्टी विमा पुरेल? गेल्या महिन्यात बंपरला आणि दरवाजाला मार बसला. गॅरेजवाला ६,५०० रुपये सांगतो. मुदत संपण्यापूर्वी त्याचा क्लेम घेऊन टाकावा का?”

अपघातग्रस्त आणि पुरात सापडलेल्या गाड्यांच्या नुकसानीचे सर्वेक्षण करण्यात माझी तेवीस वर्षे गेली, त्यातील बहुतेक फोंडा, डिचोली आणि सत्तरी या तालुक्यांत. आपण दोन्ही दरपत्रके सोबत पाठवली आहेत, त्यामुळे सर्वसाधारण उपदेश बाजूला ठेवून त्यांतील आकड्यांवरच बोलता येईल.

दोन्ही कागदांत एक ओळ तंतोतंत सारखी आहे : थर्ड पार्टी, ३,४१६ रुपये. हा योगायोग नव्हे. दुसऱ्याच्या जिवाला, शरीराला किंवा मालमत्तेला आपल्या गाडीमुळे झालेल्या हानीची भरपाई करणारा हा विमा मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार सक्तीचा आहे आणि त्याचा दर कंपनी ठरवीत नाही, सरकार ठरवते. १ जून २०२२ पासूनच्या दरांप्रमाणे १००० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये आकारले जातात. विजेवरच्या गाड्यांना यात १५ टक्के सवलत आहे. म्हणजे १८ टक्के जीएसटी धरून आपल्या दोन्ही दरपत्रकांतील ४,०३१ रुपये एकच आहेत. थर्ड पार्टी विमा स्वस्तात मिळवून देतो असे कोणी सांगितले तर त्याच्याकडून पॉलिसी घेऊ नये. ती बनावट असण्याची शक्यता असते, आणि तशा पॉलिसी मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत.

उरलेली तुलना ९,९२४ आणि २,३६६ रुपयांची आहे. स्वस्त-महागाचा सारा खेळ याच भागात चालतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे ओन डॅमेजचा, दर १ जानेवारी २००७ पासून कंपन्यांच्या मर्जीवर सोडलेला आहे. त्याआधीच्या ठरावीक दरांच्या काळातील विभागणी मात्र बहुतेकजण अजून वापरतात. तिच्यात मुंबई, पुणे, बेंगळुरू यांसारखी आठ मोठी शहरे ‘अ’ विभागात आणि गोव्यासह बाकीचा सारा देश ‘ब’ विभागात येतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गोव्यातील सुमारे ४५ टक्के घरांत मोटारगाडी आढळली होती आणि हे प्रमाण देशात सर्वाधिक होते. म्हापशाच्या बाजारात शुक्रवारी गाडी घालणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. तरीही विभाग ‘ब’ असल्याने आपल्याला दर थोडा कमी पडतो, एवढे समाधान मानावे.

आता स्वस्त दरपत्रक स्वस्त कशामुळे झाले ते पाहू. त्यातील आयडीव्ही, म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीपलीकडे गेली तर कंपनी जी कमाल रक्कम देणार ती, २,७०,००० रुपये दाखवली आहे. एजंटच्या कागदावर ती ३,६०,००० आहे. या मॉडेलची आजची जाहीर किंमत ७,२०,००० रुपये आहे आणि चार वर्षांहून जास्त पण पाच वर्षांपर्यंतच्या गाडीला वयामुळे किमतीतून कापायची ठरलेली घट ५० टक्के आहे, त्यामुळे ३,६०,००० हाच सरळ आकडा होय. दुसऱ्या कंपनीने ९०,००० रुपये खाली उतरवून हप्ता किती वाचवला? तिचा मूळ दर आयडीव्हीच्या १.८ टक्के आहे. ९०,००० वर तो १,६२० रुपये होतो. ४५ टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे आजवर क्लेम न घेतल्याबद्दलची हप्त्यातील सूट, वजा जाता ८९१ रुपये आणि जीएसटीसह १,०५१ रुपये. हजार रुपये वाचवण्यासाठी नव्वद हजारांवर पाणी सोडायचे, असा हा व्यवहार आहे. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी ‘टोटल लॉस’ धरली जाते हेही ध्यानात घ्यावे. आयडीव्ही कमी ठेवली की ही रेषाही खाली येते, आणि जी गाडी दुरुस्त होऊन घरी आली असती तिचे कमी पैसे हातावर ठेवले जातात.

दुसरी गोष्ट बारीक अक्षरात आहे : ५,००० रुपयांची ऐच्छिक वजावट. प्रत्येक क्लेममधून सक्तीची वजावट म्हणून १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये जातातच. त्यांवर हे आणखी पाच हजार आपण स्वतः सोसायचे कबूल करतो आणि बदल्यात हप्त्यात सूट मिळते. आपल्या कागदावर ती सूट, बोनस आणि कर यांचा हिशेब धरून, ७८८ रुपये भरते. सहा वर्षांहून अधिक काळात एखादाच क्लेम घेणाऱ्याला हा सौदा परवडतो, त्यामुळे तो मुळात वाईट आहे असे मी म्हणणार नाही. पण तो आपण समजून-उमजून निवडलेला नाही. मोबाईलवरच्या चौकटीत आधीच खूण केलेली होती, एवढेच. शिवाय ज्यांना सोबत झिरो डेप, म्हणजे बदललेल्या भागांच्या किमतीतून घट कापली जाऊ नये म्हणून जादा पैसे देऊन घ्यायची जोडणी, घ्यायचे आहे त्यांनी एका हाताने पूर्ण भरपाई विकत घ्यायची आणि दुसऱ्या हाताने पाच हजार सोडायचे, यात अर्थ नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघाताचे १५ लाखांचे संरक्षण. एजंटने त्याचे ३५० रुपये लावले आहेत, दुसऱ्या कागदावर ते नाही. आपल्याकडे १५ लाखांचा अपघाती विमा वेगळा असेल तर ते पुन्हा घेण्याची गरज नाही, तसे लिहून द्यावे लागते. नसेल तर हे घेणे बंधनकारक आहे.

एजंटच्या कागदावर एवढी रक्कम का झाली? तेथे आयडीव्ही बरोबर आहे आणि ४५ टक्के बोनसही दिलेला आहे, म्हणजे माणूस लबाड नाही. मात्र मूळ दर २ टक्के आहे, झिरो डेपचे २,०००, इंजिन संरक्षणाचे ९००, कन्झ्युमेबल्सचे ४००, चावी आणि सामानाचे ६००, रस्त्यावरील मदतीचे २००, अशी जोडण्यांची रांग लावली आहे. यांतील दोनच जोडण्या आपल्या गाडीला खरोखर लागतात असे माझे मत आहे, आणि त्या का लागतात ते जरा विस्ताराने सांगतो.

आपण साखळीला बाजाराच्या खालच्या अंगाला राहता, गाडी अंगणात उभी असते आणि वाळवंटी नदी तेथून फार दूर नाही. पुराच्या पाण्याने होणारे नुकसान साध्या सर्वसमावेशक, म्हणजे थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज दोन्ही असलेल्या, पॉलिसीत येते. आग, चोरी, वादळ, पूर, दरड कोसळणे हे सारे धोके तिच्या मूळ यादीतच आहेत. चोर्ला घाटात दरड गाडीवर आली किंवा दारातला माड वाऱ्याने कोसळून टपावर पडला तरी क्लेम मिळतो. याच यादीत रस्ता, रेल्वे आणि अंतर्गत जलमार्गाने होणारी वाहतूकही आहे, त्यामुळे जुने गोवे ते दिवाडी या फेरीबोटीत गाडीला काही झाले तरी आपण उघड्यावर पडत नाही. बहुतेक गोवेकरांना हे ठाऊक नसते. ज्या गोष्टी येत नाहीत त्यांत मुख्य म्हणजे झीज, यांत्रिक बिघाड आणि परिणामी नुकसान. किनारपट्टीवर खाऱ्या वाऱ्याने दरवाजाच्या कडा गंजून भोके पडतात, ती झीज समजली जाते आणि तिचा क्लेम होत नाही.

‘परिणामी नुकसान’ हा शब्द पावसाळ्यात माणसाला रडवतो. २३ जुलै २०२१ रोजी म्हादईला पूर आला तेव्हा सत्तरीतल्या एकाच वाड्यावरच्या दोन गाड्या मी तपासल्या. दोन्हींत आसनांपर्यंत पाणी गेले होते. एका मालकाने पाणी ओसरल्यावर गाडीला हातही न लावता ती ओढून गॅरेजमध्ये नेली. आसने, वायरिंग, इलेक्ट्रॉनिक भाग, तेल काढून केलेली सफाई, असा त्याचा खर्च ठरलेली घट वजा जाता मंजूर झाला. दुसऱ्याने, चालू होते का पाहू, म्हणून चावी फिरवली. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही, दट्ट्या अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन उघडले तेव्हा रॉड वाकलेलाच होता. पूर ही विम्यातील घटना होती, पण इंजिन पुराने नव्हे तर पाणी असताना चालू केल्याने गेले, म्हणून कंपनीने इंजिनाचा भाग नाकारला आणि अहवालात मलाही तसेच लिहावे लागले. त्या मालकाची नाराजी मी आजही विसरलेलो नाही. इंजिन संरक्षणाची जोडणी नेमकी हीच फट भरते. उंचावरच्या वसाहतीत, छपराखाली गाडी ठेवणाऱ्याला मी ती घ्या असे सांगत नाही. आपण ती घ्यावी. मात्र पाण्यात बुडालेली गाडी पुन्हा पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न केल्यास काही कंपन्या ही जोडणी असूनही हात वर करतात, म्हणून अटींतील ते वाक्य आधी वाचून घ्यावे आणि चावीला हात लावू नये.

झिरो डेपचे कारण वेगळे आहे. साध्या पॉलिसीत बदललेल्या भागांच्या किमतीतून घट कापली जाते : रबर, नायलॉन आणि प्लास्टिकचे भाग, टायर, बॅटरी, एअरबॅग यांवर ५० टक्के, फायबर ग्लासवर ३० टक्के आणि धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे, आपल्या गाडीला सध्या ते ३५ टक्के लागेल. काचेवर काही कापत नाहीत. आजच्या गाडीची पुढची बाजू बव्हंशी प्लास्टिकच असते. अंधारात रस्त्यावर बसलेल्या गुरांना चुकवताना गडग्यावर आदळलेल्या गाडीचे बंपर, जाळी आणि दिवे मिळून ३०,००० रुपयांचे प्लास्टिक गेले, तर त्यातील १५,००० मालकाच्या खिशातून जातात. पाच वर्षांनंतर बऱ्याच कंपन्या झिरो डेप देत नाहीत किंवा महाग देतात, आणि वर्षाला किती क्लेमना ते लागू आहे याचीही मर्यादा असते. आपल्याला यंदा दुसऱ्या कंपनीकडे ते १,५०० रुपयांत मिळते आहे, तर घ्यावे.

बाकीच्या जोडण्यांबद्दल थोडक्यात. चावी आणि सामान सोडून द्या. कन्झ्युमेबल्स, म्हणजे तेल, कूलंट, नटबोल्ट, यांचे ४०० रुपये वाचवले तरी चालतील. रस्त्यावरील मदत गाडीच्या कंपनीकडून आधीच मिळत असेल तर दुसऱ्यांदा घेऊ नये.

नुसत्या थर्ड पार्टी विम्याचा विचार आपण करू नये असे मी स्पष्ट सांगेन. बारा-पंधरा वर्षांची, साठ-सत्तर हजारांची गाडी असती आणि ती गेली तरी सोसण्यासारखे असते, तर मीच तो सुचवला असता. अशांसाठी थर्ड पार्टीसोबत केवळ आग आणि चोरीचे संरक्षण हा मधला मार्गही आहे. साडेतीन लाखांची गाडी नदीकाठी उघडी ठेवणे ही वेगळी बाब आहे. त्याहून महत्त्वाचे कारण आपल्यासोबत येणाऱ्या दोन शिक्षिकांचे आहे. खासगी गाडीच्या सर्वसमावेशक पॉलिसीत गाडीत बसलेल्या सहप्रवाशांबाबतची जबाबदारी येते, हे विमा नियामकाने २००९ मध्ये कंपन्यांना स्पष्ट करून सांगितले. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत मात्र सहप्रवाशांच्या भरपाईवर वर्षानुवर्षे न्यायालयांत वाद झाले आहेत आणि अनेकदा तो बोजा मालकावर आला आहे. त्यांच्याकडून भाडे म्हणून पैसे घेत नसाल असे मी गृहीत धरतो. खासगी नोंदणीची गाडी भाड्याने चालवली तर पॉलिसीतील वापराची अट मोडते. पर्यटनाच्या हंगामात ओळखीच्या ओळखीने पाहुण्यांना गाडी देऊन दिवसाचे पैसे घेणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. काळ्या पाटीची परवानाधारक गाडी वेगळी आणि ही वेगळी, हे त्यांना अपघात झाल्यावर समजते.

आता बंपरचा क्लेम. घेऊ नये. चालू पॉलिसीत झिरो डेप नाही, म्हणून ६,५०० च्या बिलातून सक्तीचे हजार, बंपरच्या किमतीतील अर्धी घट आणि रंगाच्या साहित्यावरील घट गेल्यावर हाती चार हजारांच्या आसपास येतील. त्यासाठी बोनस शून्यावर जाईल. बोनसची पायरी २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के अशी चढते. क्लेम न घेतल्यास आपल्याला यंदा ४५ आणि पुढे दरवर्षी ५० टक्के मिळतील. घेतल्यास यंदा ०, मग २०, २५, ३५, ४५. मूळ ओन डॅमेज हप्ता ६,४८० रुपये धरून ही पाच वर्षांची तफावत ७,७७६ रुपये आणि जीएसटीसह ९,१७६ रुपये होते. गाडी जुनी होईल तसा मूळ हप्ता उतरेल, म्हणून आठ हजार म्हणू. चार हजार घेऊन आठ हजार देण्यासारखे हे आहे. क्लेम घेऊनही नव्या कंपनीला ‘घेतला नाही’ असे लिहून देण्याचा सल्ला कोणी देईल, तो ऐकू नये. कंपन्या जुन्या कंपनीकडून खात्री करून घेतात आणि खोटे निघाले तर पुढचा मोठा क्लेम अडतो. हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. उद्या ही गाडी विकून नवी घेतली तर जुन्या कंपनीकडून तसे पत्र घेऊन तो नव्या गाडीवर लावता येतो. मुदत संपल्यानंतर ९० दिवसांत नूतनीकरण झाले नाही तर तो जातो.

गाडी कमी धावते याचाही उपयोग करून घ्या. जुलै २०२२ मध्ये नियामकाने ‘जेवढे चालवाल तेवढे भरा’ या पद्धतीच्या जोडण्यांना परवानगी दिली आणि आता अनेक कंपन्या किलोमीटरची मर्यादा स्वीकारल्यास ओन डॅमेजवर सूट देतात. आपला तो भाग साडेतीन हजारांचा असल्याने सूट काही शेकड्यांचीच असेल. वर्षातले सहा-आठ महिने जहाजावर असणाऱ्या आणि गाडी घरी झाकून ठेवणाऱ्या तारवट्यांना तिचा अधिक फायदा आहे.

मग घ्यायचे काय? दुसऱ्या कंपनीकडे ३,६०,००० ची आयडीव्ही, ऐच्छिक वजावट शून्य, झिरो डेप १,५००, इंजिन संरक्षण ७०० आणि वैयक्तिक अपघात ३५० अशी मागणी नोंदवा. ओन डॅमेजचे ३,५६४, थर्ड पार्टीचे ३,४१६ आणि या जोडण्या मिळून ९,५३० होतात, जीएसटीसह ११,२४५. हाच कागद एजंटला दाखवा. तो पाचशे रुपयांच्या फरकात आला तर मी त्याच्याकडूनच घेईन, कारण पुराच्या दुसऱ्या दिवशी, सर्वांचे फोन लागत नसताना, ओळखीचा माणूस सर्व्हेअरला घेऊन दारात येतो. दोन्ही कंपन्यांची कॅशलेस गॅरेजे म्हापसा किंवा फोंड्यात कोणती आहेत, आपल्या गाडीचे अधिकृत वर्कशॉप त्यांत आहे का, तेही त्याच वेळी विचारा. यादीत गोव्यातली नावे असली तरी ती वेर्णा आणि मडगावपुरतीच असतील तर साखळीहून गाडी ओढून नेण्याचा खर्च कोण देतो, हा प्रश्न उरतो.

क्रमही सांभाळावा लागेल. मागच्या पॉलिसीत नसलेले झिरो डेप नव्या पॉलिसीत मागितले की कंपनी बहुधा गाडीची तपासणी करते, आणि त्या वेळी बंपर फुटलेला दिसला तर तो भाग वगळला जातो किंवा जोडणीच नाकारली जाते. म्हणून आधी स्वखर्चाने बंपर आणि दरवाजा दुरुस्त करून बिल जपून ठेवा. त्यानंतर तपासणी करून घ्या आणि मुदत संपण्याच्या चार-पाच दिवस आधी पैसे भरा. एक दिवसाचाही खंड पडला तर तपासणी पुन्हा होते आणि त्या मधल्या दिवसांत, पाऊस सुरू झालेला असताना, गाडी विम्याशिवाय अंगणात उभी राहते.